बारीक हवं, मजबूत हवं

फोनचं खरं रूप मालकाला दोनदाच दिसतं. एकदा विकत घेताना आणि एकदा विकून टाकताना. मधली तीन-चार वर्षं फोन कुठल्या तरी काळ्या, निळ्या किंवा एकेकाळी पारदर्शक असलेल्या कव्हरात काढतो. दुकानात 'आकाशी घेऊ की जांभळा' यावर बायको, मुलं आणि व्हिडिओ कॉलवरून मेहुणा अशा सगळ्यांना कामाला लावणाऱ्या माणसाला सहा महिन्यांनी त्याच्या फोनचा रंग विचारून बघा. तो आधी कव्हराचा कोपरा उचकटून पाहील आणि मग सांगेल.

एवढं जपून ठेवतो ते कोणासाठी, याचा शांतपणे विचार केला तर उत्तर एकच येतं. पुढच्या मालकासाठी. जुने फोन विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचा. 'पहिल्या दिवसापासून कव्हर आणि ग्लास, एकही स्क्रॅच नाही, बॉक्स-बिल सगळं आहे.' म्हणजे हप्ते आपण भरायचे, विमा आपण उतरवायचा आणि पाठीवरच्या त्या मऊसूत काचेवरून पहिल्यांदा निवांत हात फिरवायचा तो परभणीच्या कुठल्या तरी अनोळखी गृहस्थाने, तोही निम्म्या किमतीत. परभणीबद्दल माझ्या मनात काही नाही. पण हप्ते माझे आहेत.

या अन्यायावरचा उतारा म्हणजे बंपर. फोनच्या चारी कडांना बसणारी नुसती पट्टी. तोंड उघडं, पाठ उघडी. फोन पडला तर कोपरे वाचावेत हा त्यातला जाहीर हेतू आणि टेबलावर पालथा ठेवला तर चारचौघांना फोन कोणता आहे ते कळावं, हा खासगी. खासगी हेतू कोणी कबूल करत नाही. पण पाठीमागची कंपनीची खूण दिसावी म्हणून कव्हरालाच मधोमध गोल भोक पाडून विकायची रीत आपल्याकडे बरीच वर्षं चालली, ती काही हवा खेळती राहावी म्हणून नव्हे.

या पट्टीचा पूर्वेतिहास मोठा गमतीचा आहे. २०१० च्या जूनमध्ये ॲपलने आयफोन ४ आणला. जाडी ९.३ मिलिमीटर, पुढे काच, मागे काच आणि कडेने स्टीलचा पट्टा. हा पट्टाच अँटेना होता. पट्ट्याला खालच्या डाव्या बाजूला एक खाच होती आणि नेमका तिथेच हात टेकला की सिग्नल ढेपाळायचा. आता फोन हातात धरल्यावर हात कुठे तरी टेकणारच. एका गिऱ्हाइकाने तशी तक्रार केली तेव्हा खुद्द स्टीव्ह जॉब्जकडून मेलने सल्ला आला, की तसा धरू नका. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या आमच्या गावातसुद्धा इतकं बाणेदार उत्तर मी ऐकलेलं नाही. बोंबाबोंब वाढली, १६ जुलैला पत्रकार परिषद झाली आणि कंपनीने आपलाच २९ डॉलरचा बंपर गिऱ्हाइकांना फुकट द्यायचं ठरवलं. मधे रबर आलं की हात पट्ट्याला लागत नाही आणि हात लागला नाही की सिग्नल जात नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात तडजोड झाली तेव्हाही लोकांपुढे पर्याय होते ते १५ डॉलर रोख किंवा एक बंपर. थोडक्यात, बंपर गाजला तो फोन हातातून पडतो म्हणून नाही, तर माणूस तो हातात धरतो म्हणून.

पंधरा वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच कंपनीने आयफोन एअर आणला. टायटॅनियमची चौकट आणि जाडी ५.६ मिलिमीटर. एवढं पातळ करायला किती शहाण्या माणसांनी किती रात्री जागवल्या असतील! आणि त्या फोनच्या जोडीला ३९ डॉलरला काय विकायला ठेवलं? बंपर. पैसे मोजून जाडी कमी करून घ्यायची आणि पुन्हा पैसे मोजून ती वाढवून घ्यायची. महिला बचत गटाच्या बैठकीत असा हिशेब मांडला तर खजिनदारीण बाई तिथल्या तिथे वही मिटतील.

पण गिऱ्हाईक म्हणून आपणही काही साधे नाही. आपली मागणी एका दमात असते. कव्हर बारीक हवं, इतकं की आहे असं वाटता कामा नये, आणि मजबूत हवं, इतकं की तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तरी काही होता कामा नये. इथे शाळेत ऑप्शनला टाकलेलं भौतिकशास्त्र आडवं येतं. हातातून, म्हणजे साधारण १ मीटरवरून, सुटलेला फोन जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. हा किरकोळ वाटेल. पण लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता कोणाला एवढा वेग मिळाला तर तो घरी येऊन पेढे वाटेल. आता हा वेग शून्यावर आणायला कव्हराकडे जागा किती? ते जेवढं दबेल तेवढी. १ मिलिमीटर दबलं तर १ मीटरची घसरगुंडी १ मिलिमीटरमध्ये थांबवायची, म्हणजे हजारपट जोर. दोनशे ग्रॅमचा फोन त्या क्षणापुरता सरासरी दोनशे किलोच्या जोराने आदळतो. २ मिलिमीटर दबलं तर शंभर किलो. या धंद्यात त्या एका मिलिमीटरला शंभर किलोची किंमत आहे, आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो, "अजून बारीक नाही का?"

त्यातून फोन कधी लोड घेऊन पडल्यासारखा सपाट पडत नाही. तो पडतो कोपऱ्यावर, आणि कोपरा असतो नखाएवढा. म्हणून जो बंपर खरोखर कामाचा असतो त्याच्या कोपऱ्यांत आतल्या बाजूला हवेचे बारीक कप्पे किंवा जाळीदार नक्षी असते. दबायला मोकळी जागा ठेवायची, एवढीच त्यातली विद्या. कडा सडसडीत आणि कोपरे मात्र गालगुंड झाल्यासारखे, असा तो दिसतो. 'शी, कोपरे किती जाड आहेत' म्हणून गिऱ्हाईक जो बाजूला सारतं, तो बहुधा हाच.

याउलट ज्याच्यावर तरुण मुलांचा जीव जडतो तो ॲल्युमिनियमचा बंपर. चकचकीत, स्क्रूने आवळायचा, सोबत इवलासा स्क्रूड्रायव्हर. हातात घेतला की आपण हिशेब खात्यात नसून नौदलात आहोत असं वाटायला लागतं. तो दबत नाही, हेच त्याचं वाईट. बसलेला धक्का तो स्वतःकडे न ठेवता सगळाच्या सगळा आत पोचवतो, इमानदार शिपायाने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवावा तसा. शिवाय अँटेनाच्या कडेने धातू आवळल्यावर रेंज रुसते. आमच्या आतल्या खोलीत आधीच दोन काड्या येतात. त्यातली एक मी नौदलासाठी देऊ शकत नाही.

रस्त्यावर तरी याहून वेगळं काय चालतं? मोटारीचा बंपर असतोच मुळी धक्का खाऊन चेपण्यासाठी. तर तो चेपू नये म्हणून लोकांनी त्याच्यापुढे लोखंडी गार्ड लावले. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं की हे गार्ड बेकायदा आहेत, पादचाऱ्यांना आणि आत बसलेल्यांनाही धोक्याचे आहेत, कारवाई करा. दुचाकीवाल्यांना मात्र रान मोकळं. पुण्यात नव्या स्कूटरची पूजा होण्याआधी तिला चारी बाजूंनी स्टीलचं कुंपण बसतं. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरची कुंपणं एकमेकांत अशी अडकतात की दोन्ही मालकांना खाली बोलवावं लागतं आणि सोडवताना जे ओरखडे उठतात ते कुठल्याही अपघातात उठले नसते.

असो. सिद्धांत पुरे. बंपर घ्यायला जायचं तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ मनीष मार्केटात. ऑनलाइनही मिळतो, पण तिथे हात लावून बघता येत नाही आणि दुकानदाराशी बोलता येत नाही, म्हणजे खरेदीतला सगळा रसच गेला. मी बुधवारात गेलो. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. त्या भिंतीही दिसत नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत कव्हरं लटकलेली आणि मधे स्टुलावर मालक. मूळचा राजस्थानचा, मराठी आपल्यापेक्षा झकास.

"बोला साहेब, मॉडेल?"

इथेच घोडं पेंड खातं. फोनचं पूर्ण नाव मालकाला माहीत नसतं. कंपन्यांनी नावंच अशी ठेवलीत. तेरा वेगळा, तेरा प्रो वेगळा, तेरा प्रो प्लस वेगळा, तेरा फाइव्ह-जी आणखी वेगळा, आणि चौघांची कॅमेऱ्याची भोकं चार ठिकाणी. माझ्या आधीचे एक काका 'तो निळा, गेल्या दसऱ्याला घेतलेला' एवढ्याच भांडवलावर आले होते. मालकाने फोन हातात घेतला, पालथा केला, कॅमेऱ्याच्या मांडणीवर एक नजर टाकली आणि वरच्या रांगेतलं आठवं पाकीट आकडीने खाली ओढलं. बरोबर तेच. हे ज्ञान कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. मात्र फोन दोन वर्षांहून जुना असला तर हेच तज्ज्ञ नाडी न बघताच हात झटकतात. "याचं येत नाय आता." फोन उत्तम चाललेला असतो. पण बाजाराच्या लेखी तो वारलेला असतो.

"बंपर दाखवा," मी म्हटलं. "बारीक पाहिजे."

त्याने एक पट्टी समोर टाकली. ती इतकी पातळ होती की काउंटरवर ठेवल्यावर थोडा वेळ सापडेना.

"याने फोन वाचेल ना?"

"कशापासून?"

"पडल्यावर."

"पडल्यावर नाय वाचणार साहेब. स्क्रॅचपासून वाचेल."

"मग मजबूत दाखवा."

त्याने दुसरी काढली. तिला बाहेरून खाचा होत्या, कोपऱ्यांना उंचवटे होते आणि पाकिटावर वाघ होता. "हे लावा आणि भिंतीवर मारा. भिंतीला बघा काय होतं ते."

"फार जाड आहे हो."

"मग बारीक घ्या."

पुन्हा ती पातळ पट्टी. असं बराच वेळ चाललं. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. माझ्यासारखे त्याच्याकडे दिवसभर येत असणार.

या बाजाराचं स्वतःचं रसायनशास्त्र आहे. जे वाकतं ते सिलिकॉन, जे वाकत नाही ते फायबर. प्रत्यक्षात वाकणारं बहुतेक सगळं टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन असतं, आणि न वाकणारं पॉलिकार्बोनेट. बऱ्या बंपरात दोन्ही असतात; आत टीपीयू दबण्यासाठी आणि बाहेर पॉलिकार्बोनेट आकार धरून ठेवण्यासाठी. पारदर्शक कव्हर पिवळं पडतं तेही या टीपीयूमुळेच. उन्हातले अतिनील किरण आणि फोनची नि हाताची ऊब यांनी त्याचा रंग हळूहळू पालटत जातो. ते लवकर लक्षात येऊ नये म्हणून काही कारखानदार त्यात मुळातच निळ्या रंगाची छटा घालतात. आजोबांच्या धोतराला आजी नीळ घालायची ती याच कारणासाठी, फक्त आजीने त्याला 'क्रिस्टल क्लिअर' असं नाव दिलं नव्हतं.

"हे मिलिटरी ग्रेड आहे," त्याने तिसरं पाकीट काढत सांगितलं.

मिलिटरी म्हटलं की मराठी माणूस विरघळतो. मीही विरघळलो असतो, पण या शिक्क्यामागची हकिकत मला ठाऊक होती. अमेरिकी लष्कराचं ८१० क्रमांकाचं एक मानक आहे. त्यातली एक चाचणी अशी, की वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकायची. प्रत्येक बाजूवर, प्रत्येक कडेवर, प्रत्येक कोपऱ्यावर. ऐकायला दणकट वाटतं. पण टाकायची कशावर, तर काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंच जाड प्लायवूडवर. आणि हे २६ आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असंही नाही. पाच नगांमध्ये वाटून घेतले तरी चालतात. शिवाय लष्कर स्वतः येऊन कोणाला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनीने करायची आणि शिक्काही कंपनीनेच छापायचा. आता आपल्याकडे फोन पडतो तो शहाबादी फरशीवर, पेव्हर ब्लॉकवर, नाहीतर देवळाच्या दगडी पायरीवर. मानकाप्रमाणे फोन पाडायचा असेल तर माणसाने काखेत प्लायवूडची फळी घेऊन हिंडायला हवं, आणि घरात पाच फोन हवेत.

कव्हर घेतलं की ग्लास आलीच, ती न घेता दुकानाबाहेर पडलेला इसम माझ्या पाहण्यात नाही. "टफन लावून देऊ? ९एच आहे. ११डी." मग तो खिशातली किल्ली काढून त्या काचेवर खसाखसा घासून दाखवतो आणि आपण चमत्कार बघावा तसं बघतो. किल्लीने काच ओरखडत नाहीच, काच तिच्याहून कडक असते. फोनवर जे बारीक ओरखडे उठतात ते वाळूने. वाळूतली गारगोटी काचेपेक्षाही कडक. अलिबागला पुळणीवर दोन तास बसून फोन वाळू गेलेल्या खिशात घातला की काम झालं. त्या ९एचचा हिऱ्या-माणकांच्या कडकपणाशी काही संबंध नाही. ते पेन्सिलीचं माप आहे. एचबी, २एच करत करत सर्वांत कडक ९एच पेन्सिल ओढली तरी चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोनवर चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा द्यायची असेल तर निर्धास्त राहा. आणि डी? ३डीपर्यंत काचेच्या कडेच्या वळणाशी काही तरी नातं होतं. पुढे तो निव्वळ उत्साह आहे. ९डी झाली, ११डी झाली, २१डीही विकायला आहे. आइन्स्टाइनचं चारात भागलं होतं.

पण या ग्लासमुळे बारीक बंपरची एक पंचाईत होते आणि ती कोणी सांगत नाही. बंपरची कड पडद्यापेक्षा किंचित वर यायला हवी. फोन तोंडघशी पडला तर कड टेकावी आणि पडदा अधांतरी राहावा, ही त्यातली कल्पना. बारीक बंपरात ही उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. वर आपण ०.३३ मिलिमीटरची काच चिकटवतो, तिच्याखाली चिकट थर असतोच. झालं, कड आणि काच एका पातळीत. आता काचेला वाचवायला बंपर नाही आणि बंपर घट्ट बसला की तो ग्लासची कडा उचकटतो, तिथे बुडबुडा धरतो. दोघांमध्ये एकाचीच निवड करायची असते. मी बोट लावून पाहिलं आणि ज्याची कड त्यातल्या त्यात जास्त जाणवली त्या बंपरवर बोट ठेवलं. तो मधल्या किमतीचा होता. मराठी माणूस शेवटी मधल्या किमतीचं घेतो; सर्वांत स्वस्त घेतलं तर बायको बोलते आणि सर्वांत महाग घेतलं तर आई.

तो बसवेपर्यंत मी काउंटरवरची मंडळी न्याहाळली. फोनपेक्षा कव्हरावरून माणूस चटकन समजतो, या मताचा मी झालोय. ते दसऱ्याच्या निळ्या फोनवाले काका जुनं फ्लिप कव्हर रिकामं करत होते. त्यातून निघालं ते असं: आधार कार्डाची झेरॉक्स, रक्तदाबाच्या गोळीचं रिकामं पान, स्वामी समर्थांचा फोटो, घडी घातलेली शंभराची नोट, पीएमपीएमएलचा पास आणि एका लग्नातली जेवणाची कुपनं. फोन त्या सगळ्यांत शेवटी होता. शेजारी एक कॉलेजातली मुलगी पारदर्शक कव्हरच्या आत सुकलेलं फूल आणि सिनेमाचं तिकीट मांडत होती, आणि ते मधे आलं पाहिजे की कडेला यावर तिची मैत्रीण तिच्याशी भांडत होती. तिसरा एक दाढीवाला तरुण, फोनला काहीच नाही, कव्हर नाही, ग्लास नाही. तो फक्त चार्जरची वायर घ्यायला आला होता. अशी माणसं मला थोर वाटतात. त्याच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत कृष्णा आणि तिच्या उपनद्या दिसत होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

बंपर बसला. बटणं दाबून पाहिली, जरा ताठ आहेत. वापराने सैल होतील असं मालक म्हणाला. घरी आल्यावर एकेक गुण उमगायला लागले. चार्जिंगचं भोक कंपनीने आपल्याच सडपातळ पिनेच्या मापाने पाडलेलं, त्यात आमच्या घरची जाड बुंध्याची वायर आत जाईना. मग स्वयंपाकघरातली सुरी तापवून मी ते भोक मोठं केलं. (जळक्या प्लास्टिकच्या वासाने वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले.) गाडीतल्या होल्डरमध्ये फोन अडकवला की होल्डरचे जबडे नेमके आवाजाच्या बटणावर येतात, रस्ता सांगणारी बाई कोथरूड डेपोपासून पुढे पुटपुटायला लागते. आणि पाठ उघडी असल्यामुळे कॅमेऱ्यांचा उंचवटा सरळ टेबलावर टेकतो. फोन टेबलावर ठेवून टाइप करायला घेतलं की तो तीन पायांच्या पाटासारखा डुगडुगतो. महाग फोन घेतला की कॅमेरे मोठे, कॅमेरे मोठे की उंचवटा मोठा, म्हणजे जितके पैसे जास्त तितकं डुगडुगणं जास्त. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यावर बसवायची वेगळी काच मिळते. त्या काचेला धूळ धरते. धूळ पुसायला किट मिळतं. बाजार फार दयाळू आहे.

महिन्या-दीड महिन्याने बंपर काढून बघावा. आत कडेने एक काळीभोर रेघ साचलेली असते. धूळ, खिशातलं सूत, थोडी पावडर, थोडी हळद. ही वाळूमिश्रित रेघ बंपर आणि फोन यांच्या मधे बसून चालता-चालता चौकटीला बारीक पॉलिश पेपर मारत राहते. म्हणजे ज्या ओरखड्यांसाठी कव्हर घेतलं ते ओरखडे कव्हरच घरपोच देतं. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा चढवायचं, एवढाच इलाज. परभणीच्या गृहस्थांना मी हे जाहिरातीत लिहिणार नाही.

तरीही सांगतो, मला बंपर आवडला. रात्री दिवे घालवायच्या आधी फोन पालथा ठेवला की त्याची आकाशी पाठ दिसते. बोट फिरवलं की गार लागते. उन्हाळ्यात चार्जिंगला लावल्यावर फोन पूर्ण कव्हरात जेवढा तापायचा तेवढा तापत नाही. हे सगळं आपण पैसे देऊन घेतलंय आणि आपणच वापरतोय, ही भावना मध्यमवर्गात दुर्मीळ आहे.

पंचाईत एवढीच, की बंपर लावलाय हे कोणाला दिसत नाही. कव्हर म्हणजे पाठ झाकणारी वस्तू, हे महाराष्ट्रात पक्कं ठरलेलं आहे. रिक्षात बसलो तर रिक्षावाले मागे वळून म्हणतात, "साहेब, कव्हर टाका, रस्ता खराब आहे." ऑफिसात कँटीनच्या रांगेत लोक हळहळतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यासाठी त्यांच्याकडचं एक जादा कव्हर आणून दिलं. ते त्यांच्या आधीच्या, वेगळ्याच कंपनीच्या फोनचं होतं, पण 'बसलं तर बघा' म्हणाले. आमची मुलगी मैत्रिणींसमोर सांगते की बाबा मिनिमलिस्ट आहेत, त्यामुळे त्या माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळणं झालं, फराळ झाला, फोटो बघायला म्हणून तिने माझा फोन मागितला. फोटो राहिले बाजूला. तिने फोन पालथा केला, चष्मा कपाळावर सरकवला, कडेच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि मधल्या काचेवर टकटक करून पाहिलं.

"अरे, याचं मधलं कुठंय?"

"आत्या, हे असंच असतं. नुसती कड."

"कितीला दिलं?"

मी किंमत जरा कमी करूनच सांगितली.

"एवढे पैसे घेतले आणि मधलं दिलंच नाही?" तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं."

मग मी आत्याला सगळं समजावून सांगितलं. कोपऱ्यातले हवेचे कप्पे, टीपीयू, १ मिलिमीटरला शंभर किलो, अमेरिकी लष्कर, प्लायवूड. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका आहे, तिने मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं. शेवटी फोन माझ्या हातात परत देत म्हणाली,

"ते असू दे. पावती आहे ना? मग उद्या जा आणि मधलं मागून आण."